पंच-आउटची बाराखडी

पहिल्यांदा ‘पंच-आउट!!’ हा बॉक्सिंगचा जुना व्हिडिओ गेम खेळायला बसलेला माणूस हमखास एकच गोष्ट करतो. घंटा वाजली की दोन्ही बटणं बडवायला लागतो. थोड्याच वेळात पडद्यावरचा चिमुकला मॅक, म्हणजे आपला बॉक्सर, गुलाबी पडतो, धापा टाकायला लागतो आणि समोरचा पैलवान त्याला निवांत कुटतो. ‘जुने गेम फार अवघड बुवा,’ म्हणून कंट्रोलर सोफ्यावर पडतो, तो पडतोच.

गेम अवघड आहे हे खरं. पण बटणं बडवणारा माणूस जे खेळत असतो तो हा गेमच नव्हे. वरून हे मुष्टियुद्ध दिसतं. आतून हा समोरच्याची खोड ओळखायचा खेळ आहे. कबड्डीतला मुरलेला बचावपटू चढाईला आलेल्याच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याच्या पायांवर नजर ठेवतो. इथे तेच करायचं. प्रत्येक प्रतिस्पर्धी ठोसा मारण्याआधी काहीतरी चुगली करतो: कुणाची भुवई उडते, कुणाचं डोकं थरथरतं. ती चुगली दिसायला लागली की अर्धा गेम जिंकलात. उरलेला अर्धा म्हणजे बोटांची सवय.

खाली सांगतोय ते निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या एनईएस या घरगुती कन्सोलवर १९८७ मध्ये आलेल्या आवृत्तीबद्दल. पुढच्या कन्सोलवरचे भाग वेगळे आहेत, त्यांच्याकडे शेवटी वळू.

पहिली पायरी: कुठली प्रत खेळायची

थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर दुकानात किंवा ऑनलाइन यादीत दोन नावं दिसली की गोंधळ होतो. मूळ ‘पंच-आउट!!’ १९८४ चा, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा. त्याला एकावर एक असे दोन पडदे होते आणि खेळाडूचा बॉक्सर हिरव्या तारांचा, आरपार दिसणारा होता. त्याच्या पाठीमुळे समोरचा झाकला जाऊ नये म्हणून. घरगुती कन्सोलला ही करामत झेपणारी नव्हती. गेन्यो ताकेदा यांच्या चमूने साधा उपाय केला: आपला बॉक्सरच बुटका करून टाकला. तोच हा लिटल मॅक, न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधला १७ वर्षांचा पोरगा, वजन १०७ पौंड, म्हणजे साधारण ४८ किलो. समोर डोंगराएवढे धटिंगण. तांत्रिक अडचणीतून आलेली ही गोष्ट गेमचा सगळा जीव ठरली.

त्या डोंगरांसाठी कॅसेटमध्ये एमएमसी२ नावाची खास चिप घालावी लागली. एवढी मोठी हलती चित्रं त्या कन्सोलच्या आवाक्यात नव्हती, म्हणून प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात मागच्या पार्श्वभूमीच्या तुकड्यांतून रचलेला असतो आणि ही चिप ते तुकडे झटपट बदलत राहते. ही चिप दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये वापरली गेली नाही.

आता नावांचं. नोव्हेंबर १९८६ मध्ये माइक टायसन विसाव्या वर्षी हेवीवेट विजेता झाला. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा त्याच्या खेळावर इतके खूश झाले की त्यांनी त्याच्याशी करार केला, आणि १९८७ ची कॅसेट ‘माइक टायसन्स पंच-आउट!!’ म्हणून आली. करार संपल्यावर १९९० मध्ये टायसनच्या जागी ‘मिस्टर ड्रीम’ नावाचा काल्पनिक बॉक्सर बसवून तीच कॅसेट पुन्हा काढली. पुष्कळ जण सांगतात की टायसन तुरुंगात गेला म्हणून त्याला काढला. ते खरं नाही. ते प्रकरण १९९१-९२ चं. नवी कॅसेट आली त्या वर्षी घडलेली मोठी गोष्ट म्हणजे फेब्रुवारीत टोकियोला बस्टर डग्लसने टायसनला आडवा केला होता.

नवख्याला यातून काय घ्यायचं? दोन्ही प्रतींमध्ये फरक फक्त शेवटच्या चेहऱ्याचा. मिस्टर ड्रीम टायसनसारखाच लढतो, ठोसे तेच, वेळा त्याच. त्यामुळे स्विच कन्सोलवरच्या निन्टेन्डोच्या ऑनलाइन सदस्यत्वात किंवा २०१६ च्या छोट्या एनईएस क्लासिकमध्ये मिस्टर ड्रीमवाली प्रत आहे म्हणून हळहळू नका. स्विचवर तर शिकाऊ माणसासाठी एक मोठी सोय आहे, गेम मागे नेता येतो. ती कशी वापरायची ते पुढे सांगतो.

टायसनवाली जुनी कॅसेटच हवी असा हट्ट असेल तर एक सावधगिरी. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ होते ते जपानी फॅमिकॉमची, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाची, नक्कल होते आणि त्यांच्या खाचेत ६० पिनांची कॅसेट बसायची. अमेरिकी एनईएसची कॅसेट ७२ पिनांची. माळ्यावरून जुना डबा काढून, त्यासाठी परदेशातून कॅसेट मागवलीत तर ती खाचेत जाणारच नाही. मध्ये जोडणीचा अडॅप्टर लागतो. आणि कॅसेट चालली नाही तर फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना खराब होतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

दुसरी पायरी: टीव्हीचा उशीर काढून टाका

ही पायरी लोक वगळतात आणि मग स्वतःच्या बोटांना शिव्या देतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबलं की मॅक तत्क्षणी हलायचा. आजचे टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात. चित्रपट बघताना ते कळतही नाही. इथे मात्र तुम्हाला भुवई उडालेली दिसते तेव्हा ठोसा निघून गेलेला असतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. चित्र गुळगुळीत करणारे बाकीचे पर्याय बंद करा. जमलं तर वायरचा कंट्रोलर घ्या. उशीर आहे की नाही हे ओळखायची माझी पद्धत अशी: सुरुवातीच्या दोन बॉक्सरांना तुम्ही आरामात हरवताय, आणि तिसऱ्याचा इशारा स्पष्ट दिसून, वेळेवर बटण दाबूनही मार बसतोय, तर दोष बहुधा टीव्हीचा. इशाराच दिसत नसेल तर दोष तुमचा, आणि तो सरावाने जातो.

तिसरी पायरी: बटणं

‘बी’ म्हणजे डावा हात, ‘ए’ म्हणजे उजवा. नुसतं दाबलं तर ठोसा पोटात. दिशांच्या बटणाने वर दाबून धरलं आणि मग ए किंवा बी दाबलं तर तोंडावर. डावीकडे-उजवीकडे दाबलं की मॅक त्या बाजूला झुकून ठोसा चुकवतो. खाली एकदा दाबलं की हात वर घेऊन आड धरतो, पटकन दोनदा दाबलं की खाली वाकतो. ‘स्टार्ट’ने जोरदार अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, बसतो, पण त्यासाठी तारा लागतो (तो कसा मिळतो ते पुढच्या पायरीत). मॅक पडला की ए आणि बी दोन्ही भराभर बडवायचे. बटणं बडवायची मुभा गेममध्ये या एकाच ठिकाणी आहे.

आड धरण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: खाली दाबून ठेवलं म्हणजे मॅक कायम सुरक्षित असं नाही. हात थोड्या वेळाने आपोआप खाली येतात. प्रत्येक ठोशासाठी नव्याने दाबावं लागतं. मायनर, मेजर आणि वर्ल्ड सर्किट असे लढतींचे तीन टप्पे आहेत, त्यातल्या मेजर सर्किटमध्ये हे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

दोन राऊंडच्या मध्ये प्रशिक्षक डॉक लुईस बोलायला येतो. तेव्हा ‘सिलेक्ट’ दाबा, मॅकची ताकद थोडी भरून येऊ शकते. दर वेळी चालेल असं धरून बसू नका, पण दाबायला पैसे पडत नाहीत. डॉकचे सल्ले नीट वाचा, काही खरंच उपयोगी असतात. काही मात्र अगदीच कामचोर: लढत रंगात आलेली असताना हा बाबा मॅकला निन्टेन्डोच्या ‘फन क्लब’चं सभासद व्हायला सांगतो.

चौथी पायरी: बदाम, तारे आणि घड्याळ

वर एका कोपऱ्यात बदाम आणि आकडा दिसतो. हा मॅकचा दम. तुमचा ठोसा समोरच्याने अडवला की बदाम कमी होतात, तुम्हाला मार बसला की होतात, आड धरूनही होतात. शून्यावर आले की मॅक गुलाबी पडतो आणि ठोसा मारूच शकत नाही. तेव्हा घाबरून बटणं दाबू नका. फक्त चुकवा. समोरच्याचे ठोसे हुकले की दम परत येतो आणि मॅकचा रंगही.

बदामांचं गणित समजलं की कळतं, हा गेम उगाच मारलेल्या ठोशाचे पैसे वसूल करतो. म्हणूनच बटणं बडवणारा हरतो.

तारा मिळतो तो समोरचा ठोसा सोडायच्या बेतात असताना किंवा नेमक्या उघड्या क्षणी त्याला गाठलं तर. प्रत्येकाचा तो क्षण वेगळा. एका वेळी जास्तीत जास्त तीन तारे साठतात. समोरचा तयारीत असताना अपरकट मारलात तर तो चुकवतो आणि तारा वाया जातो. आधी त्याचा ठोसा चुकवा, तो डगमगला की मगच स्टार्ट दाबा.

लढत तीन राऊंडची, प्रत्येक तीन मिनिटांचा, पण गेमचं घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा भराभर पळतं. दहा आकडे मोजेपर्यंत कुणी उठला नाही तर लढत संपली. एकाच राऊंडमध्ये तीनदा पडला तरी संपली. मॅक एका लढतीत तीनदाच उठू शकतो, चौथ्यांदा पडला की खेळ खलास. तिन्ही राऊंड संपले तर निकाल गुणांवर. पण काही जणांना गुणांवर हरवताच येत नाही, त्यांना झोपवावंच लागतं. एकूण तीन पराभव झाले की गेम संपतो. आकडे मोजणारा रेफरी ओळखीचा वाटला तर बरोबर आहे, तो मारिओच.

पाचवी पायरी: पहिल्या राऊंडमध्ये ठोसाच मारू नका

नवा प्रतिस्पर्धी समोर आला की पहिला राऊंड पूर्ण अभ्यासाला द्या. मी शिकताना वही घेऊन बसायचो आणि तीन रकाने आखायचो: इशारा, ठोसा, उपाय. हसू येईल, पण ११ वेगवेगळे बॉक्सर आणि १४ लढती आहेत. डोक्यात सगळं एकदम राहत नाही.

अभ्यासाला सगळ्यात चांगला माणूस म्हणजे पहिलाच, फ्रान्सचा ग्लास जो. कारकिर्दीत ९९ पराभव आणि एक विजय. (तो एक विजय कुणावर मिळवला असेल याचं मला अजून कुतूहल आहे.) हा इतका सावकाश मारतो की त्याला झोपवायची घाई करणं म्हणजे वाया घालवणं. त्याच्यासमोर उभे राहा आणि नुसतं चुकवा. डावीकडे किती उशिरा झुकलं तरी चालतं ते बघा. चुकवल्यावर तो डगमगतो, तेव्हा किती ठोसे फुकट बसतात ते मोजा. त्याचे हात वर असताना पोटात मारा, खाली असताना तोंडावर. ही चार वाक्यं म्हणजे गेमचं सगळं व्याकरण आहे. पुढचे सगळे जण तेच व्याकरण जास्त वेगाने बोलतात.

दुसरा जर्मनीचा फॉन कैझर. ठोसा मारण्याआधी त्याचं डोकं थरथरतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तिसरा जपानचा पिस्टन होंडा, मायनर सर्किटचा विजेता. याच्या भुवया बघा. भुवई उडाली की लगेच ठोसा आला. त्याची एक खास चालही आहे: डावी-उजवीकडे नाचत येतो आणि ठोशांची सर सोडतो. सुरुवातीला ती फक्त निभावून न्या.

सर्किट जिंकलं की दहा आकडी कोड मिळतो. तो लिहून ठेवा. बंद करून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं.

सहावी पायरी: मेजर सर्किट, म्हणजे खरी शाळा

इथे चौघे आहेत, आणि चौघे चार वेगळे धडे शिकवतात. माझ्या मते पूर्ण गेममधला सगळ्यात सुंदर भाग हाच.

स्पेनचा डॉन फ्लेमेंको आपणहून मारत नाही, वाट बघतो. त्याला एक ठोसा मारून डिवचा. तो चिडून अपरकट मारेल, तो चुकवा, आणि मग तोंडावर डावा-उजवा, डावा-उजवा असे एका लयीत मारत राहा. लय तुटली नाही तर तो आडवा होईपर्यंत सावरत नाही. लेझीमचा ताल धरता येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी जमतं. घाई केली की बिघडतं.

किंग हिप्पो. हा पोटावर चिकटपट्टी लावलेला अगडबंब राजा. नेहमीच्या पद्धतीने मारलेलं सगळं अडवतो आणि नवखा चक्रावून जातो. युक्ती एकच: तो हात उचलून तोंड उघडतो, त्या क्षणी तोंडावर मारा. त्याची चड्डी घसरते. तो दोन्ही हातांनी ती सावरायला जातो आणि पोट उघडं पडतं. मग पोटात मारता येतील तेवढे ठोसे मारा. एकदा पडला की हा परत उठत नाही, तेवढंच समाधान.

तिसरा आपला माणूस. निदान कागदोपत्री तरी. ग्रेट टायगर, गाव: बॉम्बे, इंडिया. डोक्यावर फेटा, फेट्यात मणी, आणि चाल म्हणाल तर चक्क जादू. लालबाग-परळच्या व्यायामशाळांतून आलेला कुणी असा दिसत नाही हे सांगायला नको. १९८७ मध्ये क्योटोला बसून ज्यांनी हा रेखाटला त्यांच्या डोळ्यांपुढे गारुडी, फकीर आणि वाघ यांची भेळ असणार. पण इथे फ्रेंच माणूस रडका, रशियन सोडा पिणारा, स्पॅनिश माणूस नाचरा आहे. सगळ्यांचीच टिंगल आहे, तशी आपलीही. मला त्याचा राग कधी आला नाही. उलट मुंबईच्या माणसाकडून मार खाताना जरा घरच्यासारखं वाटतं.

खेळायचं कसं ते बघा. साध्या ठोशाआधी फेट्यातला मणी चमकतो. चमक दिसली की झुका, मग मारा. हा भाग सोपा. अवघड आहे ती जादू: तो मागे जातो आणि रिंगणात गरगर फिरत, दिसेनासा होत, पाच वेळा तुमच्यावर येतो. इथे झुकून चुकवायला जाऊ नका. आड धरा, आणि प्रत्येक फेरीला नव्याने खाली दाबा. मघाशी सांगितलं होतं ना, हात आपोआप खाली येतात? खाली दाबून ठेवणारा नेमका इथे मार खातो. दाबा, सोडा, दाबा, सोडा, असं पाचदा. पाचही अडवलेत की टायगरलाच भोवळ येते आणि तो झुलत उभा राहतो. आता कुठलाही एक ठोसा, आणि तो खाली. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा जो आनंद होतो तो मला टायसनला हरवल्यावरही झाला नव्हता.

चौथा तुर्कस्तानचा बाल्ड बुल, आणि बहुतेकांची गाडी इथे अडते. त्याचा हुकमी डाव म्हणजे बैलाची धडक. तो मागे दोरापर्यंत जातो आणि उड्या मारत अंगावर येतो. धडक बसली तर मॅक जागेवर आडवा. पण तिसऱ्या उडीला, तो तुमच्यापर्यंत पोचायच्या बेतात असताना, पोटात एक ठोसा बसला तर आडवा तो होतो. तोंडावर नाही, पोटात. क्षण फार छोटा आहे. सुरुवातीला दहातले आठ प्रयत्न फसतील. म्हणून आधी धडक नुसती चुकवायला शिका, मग एक-दोनदा ठोसा मारून बघा.

आणि इथे या गेमचं एक गुपित. मागे बसलेल्या प्रेक्षकांकडे कुणी बघत नाही. २००९ मध्ये गेम बनवणाऱ्यांनीच एका मुलाखतीत उघड केलं की गर्दीत एका कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकतो, तो नेमका बाल्ड बुलला ठोसा मारायच्या क्षणी. पुढे २०१६ मध्ये खेळाडूंच्या लक्षात आलं की गर्दीतला एक दाढीवाला प्रेक्षकही हलून इशारा देतो: पिस्टन होंडा आणि बाल्ड बुल यांना त्यांच्या खास चालीत एका ठोशात पाडायची वेळ झाली की तो खाली जातो. २९ वर्षं तो बिचारा सांगत होता, कुणी बघितलं नाही. मी कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर शिकलो. दाढीवाला बघायला गेलं की बैल विसरायला होतो.

सातवी पायरी: वर्ल्ड सर्किट

सहा लढती, पण नवीन चेहरे तीनच. पिस्टन होंडा, बाल्ड बुल आणि डॉन फ्लेमेंको परत येतात, जास्त वेगाने. जुनी वही काढा. इशारे ओळखीचे आहेत, विचार करायला मिळणारा वेळ कमी. दुसऱ्या खेपेच्या बाल्ड बुलबद्दल मात्र ठळक नोंद करा: साध्या ठोशांनी तो पडतच नाही. एकतर ताऱ्याचा अपरकट किंवा धडक देताना पोटात बसलेला ठोसा, या दोनच गोष्टी त्याला पाडतात. हे माहीत नसलेला माणूस त्याला तीन राऊंड ठोकत राहतो आणि टीव्ही फुटला असेल असं समजतो.

सोडा पोपिन्स्की हा मॉस्कोचा. मोठ्या मशीनवर त्याचं नाव व्होडका ड्रंकेन्स्की होतं. घरी मुलं खेळणार म्हणून व्होडकाचा सोडा झाला. मिस्टर सँडमन एकामागून एक तीन अपरकट मारतो. पहिला चुकवला म्हणून लगेच मारायला गेलात तर दुसरा बसतो. तिन्ही चुकवा, मग मारा. सुपर माचो मॅन ३५ लढतींत अपराजित. त्याची गिरकी घेऊन मारायची चाल सलग आली की लय मोडू द्यायची नाही. जपानमध्ये गोल्फ गेमच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून वाटलेल्या सोनेरी कॅसेटमध्ये हाच शेवटचा बॉक्सर होता, टायसन नव्हताच.

या सर्किटमध्ये स्विचवाल्यांनी गेम मागे न्यायची सोय वापरावी. झेडएल आणि झेडआर एकत्र दाबून धरले की खेळ उलटा सरकतो. माझं मत असं: जिंकण्यासाठी ती वापरू नका, बघण्यासाठी वापरा. मार कुठून आला ते मागे नेऊन दोन-तीनदा बघा, इशारा सापडला की ती लढत पहिल्यापासून खेळा. नाहीतर गेम संपेल, हाताला काही येणार नाही.

आठवी पायरी: टायसन

इथे हरलात की पुन्हा संधी नाही, थेट गेम संपतो. म्हणून आधी हा कोड: ००७ ३७३ ५९६३. सुरुवातीच्या पडद्यावर तो भरला की सरळ शेवटच्या लढतीत जाता. मिस्टर ड्रीमच्या प्रतीतही चालतो. जुन्या खेळाडूंना घरचा फोन नंबर आठवणार नाही, हा आठवतो.

पहिल्या राऊंडची पहिली दीड मिनिटं तो फक्त अपरकट मारतो आणि त्यातला एकही लागला तर मॅक खाली. एकही. तेव्हा पहिले काही दिवस ध्येय एवढंच ठेवा: घड्याळात १:३० वाजेपर्यंत उभं राहायचं. मारायचं नाही, चुकवायचं. ते सवयीचं झालं की प्रत्येक चुकवलेल्या अपरकटनंतर एक ठोसा मारायला लागा. एकच. दुसऱ्याचा मोह झाला की तिसऱ्या सेकंदाला मारिओ आकडे मोजतोय.

दीड मिनिटानंतर तो आडवे ठोसे मारायला लागतो आणि त्याआधी डोळा मिचकावतो. सगळा गेम ज्या नजरेची तालीम करून घेतली ती इथे लागते: एवढ्या मोठ्या देहातले दोन ठिपके बघायचे. नंतरच्या राऊंडमध्ये तो मध्येच बराच वेळ काहीच करत नाही, तेव्हा हात शिवशिवतात. मारू नका.

डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या आवाजावर हा गेम संपवणारेही लोक आहेत. तुम्ही तसं करावं असं नाही, पण आवाज बंद करून खेळू नका. इशाऱ्याचा निम्मा भाग कानाने येतो.

आणि एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त टायसन खेळू नका. थकल्यावर बोटं चुकीची लय पक्की करतात, दुसऱ्या दिवशी ती मोडायला वेळ जातो.

पुढे काय

१९९४ चा ‘सुपर पंच-आउट!!’ सुपर निन्टेन्डोवर आहे. तिथे आपला बॉक्सर पुन्हा मोठा आणि आरपार दिसणारा झाला, आणि त्यात दोघांनी खेळायची लपवलेली सोय आहे हे २०२२ मध्ये उघड झालं. वी कन्सोलवरचा २००९ चा ‘पंच-आउट!!’ दिसायला सगळ्यात देखणा. त्यात ग्रेट टायगर पुन्हा भेटतो. आता तो हिंदी बोलतो आणि पत्त्यावर बॉम्बे जाऊन मुंबई आलंय. फेट्यातला मणी मात्र अजून ठोशाआधीच चमकतो.